सालबाईचा तह

पहिले इंग्रज–मराठा युद्ध संपवणारा तह. ग्वाल्हेरच्या दक्षिणेस सालबाई येथे १७ मे १७८२ रोजी पेशव्यांतर्फे महादजी शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनीतर्फे डेव्हिड अँडरसन यांनी तो ठरवला. पुरंदरच्या तहानंतर (१७७६) घेतलेला मुलूख वसईसह इंग्रजांनी परत करायचा, मुंबईलगतची साष्टी त्यांच्याकडेच राहायची आणि रघुनाथरावास दरमहा २५,००० रुपये मिळायचे, असे मुख्य करार होते.

कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने ६ जूनला मान्यता दिली; पुण्याची मान्यता मात्र २० डिसेंबरला मिळाली आणि कागदांची अदलाबदल फेब्रुवारी १७८३ मध्ये झाली. या विलंबाची कारणे वादग्रस्त आहेत. इंग्रजांशी लढणारा म्हैसूरचा हैदर अली ७ डिसेंबरला वारल्यावरच नाना फडणीसांचा नाइलाज झाला, असे इतिहासकार ग्रँट डफपासून सामान्यतः मानले जाते. तारखांचा क्रम याला अनुकूल आहे. पण हैदरच्या सरदारांनी मृत्यू काही काळ लपवून ठेवला होता आणि चित्तूरजवळच्या छावणीतून पुण्यास बातमी येण्यासही दिवस लागत. शिवाय साष्टी परत मिळवण्याचा नानांचा हट्ट आधीपासूनचाच होता. दोन्ही कारणे एकत्र धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

तहाचे वैशिष्ट्य म्हणजे जामीनदारी. महादजी पेशव्यांचे मुखत्यार होते आणि उभयपक्षांचे जामीनही. जो पक्ष करार मोडेल त्याच्याविरुद्ध दुसऱ्यास साथ देण्याचे त्यांनी पत्करले. तत्पूर्वी ऑक्टोबर १७८१ मध्येच त्यांनी इंग्रजांशी स्वतंत्र समेट केला होता. पुढे भडोचही कंपनीने त्यांनाच दिले. असा जामीन निःपक्षपाती कसा राहणार? मात्र मोडणाऱ्याला आवरण्याइतकी फौज जवळ असलेला दुसरा कोणी तेव्हा नव्हताच. १९९४ च्या बुडापेस्ट करारपत्रात युक्रेनला सुरक्षेची आश्वासने मिळाली, पण उल्लंघन झाल्यास मोडणाऱ्याविरुद्ध साथ देण्याचे बंधन कोणावर नव्हते. सालबाईत निदान तेवढे होते.

दुबळे कलम हैदरविषयीचे. त्याने इंग्रजांचा व अर्काटच्या नबाबाचा मुलूख सहा महिन्यांत सोडावा, असे त्याच्या सहीशिवाय ठरले. ते अमलात आले नाही. अखेर इंग्रजांनी टिपूशी मंगळूरचा वेगळा तह केला (११ मार्च १७८४) आणि आपल्याला वगळल्याची पुण्याची तक्रार राहिली. संमतीशिवाय त्रयस्थ राज्यावर बंधन येत नाही, हे तत्त्व १९६९ च्या व्हिएन्ना करारात (अनुच्छेद ३४, ३५) नमूद आहे.