इटलीचा किनारा, सात रात्री: बुकिंगआधी वाचावं असं काही

आमच्या ऑफिसात इटलीसाठी येणारी बहुतेक कुटुंबं हातात एक यादी घेऊन येतात. रोम, फ्लोरेन्स, पिसा, व्हेनिस, आमाल्फी, चिंक्वे तेर्रे. आणि सुट्टी असते आठ दिवसांची. नकाशावर इटली एवढीशी दिसते, पण व्हेनिसहून आमाल्फीला पोचायचं तर वेगवान गाडी, मग दुसरी गाडी किंवा बोट असा अख्खा दिवस प्रवासात जातो. यादीतली सगळी गावं उरकली तर फोटो मिळतात, समुद्र मिळत नाही. म्हणून आम्ही सांगतो, सात रात्री असतील तर एकच किनारा घ्या आणि त्यावर मुक्काम दोनच करा. हे पत्रक त्यासाठीच लिहिलं आहे.

कधी जायचं

आपली उन्हाळ्याची सुट्टी आणि तिथला उन्हाळा थोडेसेच जुळतात. आपल्या शाळा साधारण जूनच्या मध्याला उघडतात, तिथला हंगाम त्याच सुमाराला भरात येऊ लागतो. म्हणून मेचा शेवटचा आठवडा ते १० जून हा काळ आम्हाला सगळ्यात आवडतो. पाणी जरा गार असतं, पण रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि चालायला हवा छान. फक्त २ जून सांभाळा. तो इटलीचा प्रजासत्ताक दिन, जोडून सुट्टी आली की अर्धी उत्तर इटली किनाऱ्यावर उतरते.

१५ ऑगस्टला तिथे फेर्रागोस्तो नावाचा मोठा सण असतो. त्याच्या आगेमागे शहरांतली बरीच दुकानं बंद असतात आणि किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. तो पंधरवडा शक्यतो टाळा. मुलांच्या शाळेची अडचण नसेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा घ्या, पाणी तेव्हाही उबदार असतं.

कोणता किनारा

दक्षिणेला नेपल्सच्या खाली आमाल्फीचा किनारा आहे. देखणा आहे यात वाद नाही. पण कड्यात कोरलेला एकच वळणावळणाचा रस्ता, उन्हाळ्यात त्यावर गाड्यांची रांग आणि खचाखच भरलेल्या बस. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांचे हाल होतात. तिथेच जायचं मनात असेल तर मुक्काम सालेर्नोला करू. तिथवर वेगवान रेल्वे जाते आणि तिथून पोझितानो, आमाल्फीला बोटीने जाता येतं. नेपल्स आणि पॉम्पेई त्याच फेरीत बसतात.

व्हेनिसला जायचं तर निदान दोन रात्री राहा. दिवसाभरासाठी येणाऱ्यांना हंगामातल्या ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क भरावं लागतं. ही पद्धत २०२४ पासून सुरू झाली. मुक्काम असला तर शुल्क माफ होतं, पण माफीची नोंद आधी ऑनलाइन करावी लागते. ती आम्ही करून देतो.

पहिल्यांदाच जाणाऱ्या, घरात लहान मुलं आणि ज्येष्ठ दोघंही असलेल्या कुटुंबाला मात्र आम्ही लिगुरियाच सुचवतो. वायव्येकडचा, जेनोवाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला हा किनारा. कारण एकच, इथे गावोगावी रेल्वे स्टेशन आहे. आपल्या कोकण रेल्वेसारखा बोगद्यामागून बोगदा, फरक इतकाच की इथे दोन बोगद्यांच्या मध्ये अगदी रुळाला लागून समुद्र असतो. मुलं खिडकी सोडत नाहीत.

आमचा नेहमीचा आराखडा

मिलानला उतरायचं, तिथून रेल्वेने साधारण पावणेदोन तासांत जेनोवा. तिथे तीन रात्री. मग चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांजवळच्या ला स्पेत्सियाला तीन रात्री. शेवटची रात्र मिलानला, म्हणजे विमानाच्या दिवशी धावपळ नको.

जेनोवाचं नाव यादीत नसतं, आणि परत आल्यावर लोक सगळ्यात जास्त बोलतात ते जेनोवाबद्दल. हे सजवून ठेवलेलं गाव नाही, कामाचं बंदर आहे. जुन्या वस्तीतल्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन भिंतींना लागतील असं वाटतं, आणि त्याच गल्लीतून बाहेर पडावं तर समोर गारिबाल्दी रस्त्यावरचे सावकारांचे वाडे. या वाड्यांचा २००६ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. चढ फार आहेत, पण शहराने त्यावर तोड काढली आहे: सार्वजनिक लिफ्ट. कास्तेलेत्तोच्या लिफ्टने वर गेलात की स्लेटच्या करड्या छपरांपलीकडे अख्खं बंदर दिसतं. संध्याकाळी सातनंतर जा. मुलांसाठी जुन्या बंदरातलं मत्स्यालय आहे, त्याला अर्धा दिवस द्या.

एक दिवस कामोल्यी या किनाऱ्यावरच्या गावासाठी. तिथून बोटीने सान फ्रुत्तुओसोचा मठ गाठता येतो. मठापर्यंत मोटारीचा रस्ताच नाही. बोट किंवा डोंगरातली पायवाट. समोरच्या खाडीत १९५४ मध्ये पाण्याखाली बसवलेली ख्रिस्ताची मूर्ती आहे. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरल्या उतरल्या फलकावर बघून ठेवा.

चिंक्वे तेर्रे: पाच गावं आणि एक जिना

मोन्तेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे. कड्याला चिकटलेली ही पाच गावं १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. एका गावाहून दुसऱ्या गावाला रेल्वेने पाचएक मिनिटं लागतात. ला स्पेत्सिया ते लेवांतो या पट्ट्यात दिवसभर कितीही वेळा चढा-उतरायला चालणारं कार्ड मिळतं. गर्दीच्या दिवशी त्याचा दर चढा असतो. मुक्काम गावांत न करता ला स्पेत्सियाला करा असं आम्ही सांगतो ते बॅगांमुळे. गावांत मोटारी फिरत नाहीत आणि घरं जिन्यांवर आहेत. दोन मोठ्या बॅगा घेऊन तिसऱ्या मजल्याएवढं चढायचं आणि मग खोलीचा जिना वेगळा.

पाचांतलं कोर्निल्या एकटंच उंचावर आहे. स्टेशन खाली, गाव वर, मध्ये पावणेचारशेहून जास्त पायऱ्यांचा नागमोडी जिना. आम्ही घरची मंडळी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. सासूबाई बरोबर होत्या, गुडघ्यांचं दुखणं. निम्म्यावर त्या भिंतीला टेकून बसल्या. मी घाबरले, पाणी दिलं. त्या मात्र समोरचा डोंगर बघत होत्या, त्यावर द्राक्षांची एकावर एक चढत गेलेली कुणगी. मग हाताखालच्या भिंतीचे दगड चाचपून म्हणाल्या, "अगं, हे तर आपले गडगेच की! चुन्याचं बोटही नाही."

खरंच तसं आहे. हा सगळा डोंगर नुसत्या दगडावर दगड रचून बांधलेल्या बांधांनी तोलून धरला आहे, शेकडो वर्षं. डागडुजी थांबली, शेतं ओस पडली की बांध फुगतो आणि पावसात माती खाली येते. २५ ऑक्टोबर २०११ च्या पुरात वेर्नात्सा आणि मोन्तेरोस्सो चिखलात बुडाली होती. म्हणून पाऊस झाला की पायवाटा बंद होतात, आणि एखादी वाट वर्षानुवर्षं बंदच राहते. रिओमाज्जोरे ते मानारोला ही प्रसिद्ध ‘प्रेमाची वाट’ २०१२ मध्ये दरड कोसळल्यावर बंद झाली ती २०२४ मध्ये उघडली. तेव्हा पायवाट हा सहलीचा कणा धरू नका. मिळाली तर चाला. मोन्तेरोस्सो ते वेर्नात्सा हा टप्पा दोनेक तासांचा, चढ-उताराचा आणि अतिशय सुंदर आहे. चपला घालून जायला मनाई आहे, बूट लागतात.

कोर्निल्याला स्टेशनहून वर बस जाते. आता आम्ही प्रत्येक ज्येष्ठ ग्राहकाच्या कागदावर ते ठळक लिहून देतो. समुद्रात उतरायचं तर मोन्तेरोस्सो, तिथे वाळूचा मोठा किनारा आहे. छत्री आणि आरामखुर्चीचे पट्टे भाड्याचे असतात. बाजूला फुकटची जागाही असते, ‘स्पियाज्जा लिबेरा’ असा फलक शोधा. इतर ठिकाणी बहुतेक गोटेच, मुलांना पाण्यात घालायचे रबरी बूट घ्या.

शाकाहारी मंडळींसाठी

या भागात उपाशी राहायची भीती नको. जेनोवात ‘फारिनाता’ मिळते: हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल, बस्स. परातीएवढ्या तांब्याच्या थाळ्यात पातळ पीठ ओततात आणि लाकडाच्या भट्टीत सरकवतात. कडा करकरीत, मध्ये मऊ, वरून मिरपूड. पहिला घास घेतल्यावर आपला माणूस म्हणतोच की हे बेसनाचं धिरडं आहे. न्याहारीला फोकाच्या, म्हणजे तिथला चपटा पाव, घ्या, गरम असतानाच.

पेस्तो इथलाच. तुळशीच्या कुळातली बाझिलिकोची पानं, चिलगोज्यासारख्या बिया, लसूण, चीज आणि तेल. बटाटा आणि फरसबी घातलेला पास्ता-पेस्तो घरगुती जेवणासारखा लागतो. मात्र दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. पार्मेझान आणि पेकोरिनो ही चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. जे कडक शाकाहारी आहेत त्यांनी ती वगळायला सांगावीत. आणि भाजीच्या दिसणाऱ्या पदार्थातही छोटे आंचोवी मासे असू शकतात. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेश्शे’ म्हणजे मांस नको, मासे नकोत. ‘सेन्झा आल्यो’ म्हणजे लसूण नको. जैन ग्राहकांना आम्ही इटालियनमध्ये लिहिलेली चिठ्ठी देतो, ती वेटरच्या हाती द्यायची.

रात्रीचं जेवण साडेसाताच्या आधी बहुधा मिळत नाही. मुलांसाठी संध्याकाळचा खाऊ पिशवीत असू द्या. बिलात ‘कोपेर्तो’ असं माणशी काही युरो लिहिलेलं असतं. ती फसवणूक नव्हे, टेबलाचा आकार आहे.

गाडीचं तिकीट

लोकल गाडीचं कागदी तिकीट काढलं की चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवायचा. मोबाइलवरच्या तिकिटाला प्रवासाआधी चेक-इन करावं लागतं का, ते काढतानाच बघून घ्या. आम्ही एकदा गडबडीत दोन तिकिटांवर शिक्का मारायला विसरलो आणि दंड भरला. तिकीटतपासनीस अतिशय सौजन्याने बोलला, पण दंड काही सुटला नाही.

‘शोपेरो’ हा शब्द लक्षात ठेवा, म्हणजे संप. तो आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक लोकल गाड्या सोडतात. तुमच्या तारखांत संप आला तर आम्ही फोनवर कळवतो.

व्हिसा आणि पैसे

शेंगेन व्हिसासाठी (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मेमध्ये जायचं असेल तर जानेवारीतच बसू या. मार्चनंतर अपॉइंटमेंट मिळणं मुश्किल होतं. व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहा वर्षांखालच्यांना नाही, सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला हवा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा. बँकेत अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम भरू नका, त्यावर हमखास शंका निघते. दोन-तीन देश करणार असाल तर जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे. शेंगेनमधल्या दुसऱ्या देशाच्या विमानतळावर विमान बदलणार असाल तर ही तपासणी तिथेच होते. म्हणून मध्ये तीन तासांपेक्षा कमी वेळ असलेलं तिकीट स्वस्त असलं तरी आम्ही काढत नाही.

परदेश सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आयकर, भरावा लागतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो; पावती जपून ठेवा. हॉटेलात माणशी, दररात्री शहरकर वेगळा द्यावा लागतो, तो आमच्या कोटेशनमध्ये धरलेला नसतो. कार्ड सगळीकडे चालतं, तरी थोडे सुटे युरो खिशात असू द्या.

पहिल्या भेटीला येताना

सगळ्यांचे पासपोर्ट, जुने असतील तर तेही, मुलांच्या शाळेच्या सुट्ट्यांच्या तारखा आणि औषधांची यादी आणा. आणि बरोबर येणारं घरातलं जे सगळ्यात मोठं माणूस असेल, आई, सासरे, आजी, त्यांनाही घेऊन या. किती पायऱ्या चढता येतात हे आम्ही त्यांनाच विचारणार आहोत, आणि हॉटेल त्या उत्तरावर ठरवणार आहोत.