इजन्यूमेरिक आणि इजनंबर: दिसायला जुळे, उत्तराला वेगळे

यादीत चारच ओळी होत्या. चादरींचे नग: ४५०, ३२०, २८०, १५०. खाली बेरीज ९२०. बाराशे व्हायला हवेत हे गोदामातल्या अण्णांनी बोटांवर मोजून सांगितलं आणि वर विचारलं, “कॉम्प्युटरलाबी बेरीज येईना झाली व्हय?”

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी हिशेब बघतो. बाहेरून येणाऱ्या एक्सेल फाइलींसाठी मी एक मॅक्रो, म्हणजे एक्सेलच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहून ठेवला होता: नगांच्या रकान्यातला प्रत्येक सेल तपासायचा आणि नंबर नसेल तो पिवळा करायचा. त्या दिवशी मॅक्रो चालवला, एकही सेल पिवळा झाला नाही. तरी २८० बेरजेतून गळालेच होते. त्या सेलमध्ये २८० हा आकडा नव्हता, दोन-आठ-शून्य अशी तीन अक्षरं होती. मॅक्रोला ते कळलं नाही, कारण मी त्यात इजनंबरच्या जागी इजन्यूमेरिक लिहिलं होतं. (नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, मॅक्रोत ती रोमन लिपीतच टाइप करायची.)

इजन्यूमेरिक हे व्हीबीएचं, म्हणजे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिचं, स्वतःचं फंक्शन. ते विचारतं, या मजकुराचा नंबर करता येईल का? इजनंबर हे शीटवरचं फंक्शन, मॅक्रोत ते वर्कशीटफंक्शनच्या मार्फत बोलवावं लागतं. त्याचा प्रश्न वेगळा: या सेलमध्ये आत्ता, या घडीला नंबर आहे का? सुताची चादर होऊ शकते म्हणून कुणी सुताचे कोन मोजून चादरींचे नग लिहीत नाही. माझा मॅक्रो मात्र तेच करत होता. अक्षरांतल्या २८०चा नंबर करता येतो, म्हणून इजन्यूमेरिकने ‘हो’ म्हटलं. शीटवर बेरीज करणारं सम हे फंक्शन मात्र दिलेल्या रेंजमधला मजकूर सोडून देतं, तक्रारही करत नाही. म्हणजे तपासणारा एक प्रश्न विचारत होता आणि बेरीज करणारा दुसरा.

गंमत म्हणजे शीटवरच हा दुटप्पीपणा आहे. सम ऐवजी सेलमागून सेल अधिकच्या चिन्हाने जोडत गेलात, तर तोच मजकुरातला २८० निमूट नंबर होऊन बेरजेत बसतो आणि बाराशे येतात. एकाच पानावर दोन बेरजा, दोन उत्तरं. ऑडिटच्या वेळी हे समजावून सांगताना नाकी नऊ येतात.

मॅक्रोत तर अधिकचं चिन्ह आणखी चकवतं. दोन्ही बाजूंना मजकूर असेल तर व्हीबीए बेरीज करतच नाही, शेजारी शेजारी चिकटवतं. मजकुरातले ४५० आणि ३२० मिळून ४५०३२० होतात. बेरीज साठवणारं व्हेरिएबल डबल, म्हणजे आकड्याच्या प्रकाराचं, म्हणून आधी जाहीर केलं असेल तर वाचता, नाहीतर साडेचार लाख चादरी गोदामात शोधत बसा.

आता दोघांची उत्तरं कुठे कुठे फुटतात ते बघू. रिकाम्या सेलला इजन्यूमेरिक ‘हो’ म्हणतं, कारण रिकाम्याचा शून्य करता येतो. इजनंबर ‘नाही’ म्हणतं. त्यामुळे ‘सगळे रकाने भरले आहेत का’ हे पाहायला इजन्यूमेरिक वापरलंत तर कोरी यादीही पास होते. ट्रू किंवा फॉल्स असलेल्या सेललाही इजन्यूमेरिकचा होकार आणि इजनंबरचा नकार.

तारखेला नेमकं उलटं होतं. चार हुतात्मा पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्या सोलापूरकराला १२ जानेवारी १९३१ ही त्या चौघांच्या फाशीची तारीख वेगळी सांगावी लागत नाही. एक्सेलच्या पोटात मात्र ती ११३३५ अशी असते, कारण १ जानेवारी १९०० या दिवसाला १ धरून तिथून पुढचे दिवस मोजलेले असतात. म्हणून इजनंबर तारखेला ‘हो’ म्हणतं. मॅक्रोत सेलची व्हॅल्यू घेतली की ती ‘तारीख’ याच प्रकारात हाती येते आणि इजन्यूमेरिक तिला नाकारतं. तीच तारीख व्हॅल्यू-टू ने, म्हणजे पोटातला आकडा जसाच्या तसा देणाऱ्या पर्यायाने, घेतली तर नुसता ११३३५ हाती येतो आणि लगेच होकार मिळतो. सेल एकच, फंक्शनही एकच, तरी उत्तर बदललं. मला हे कळायला एक अख्खी संध्याकाळ लागली होती.

आमच्या धंद्यातली खरी खोच डिझाइन नंबरांत आहे. समजा एका डिझाइनचा नंबर २डी४ आहे. सेलमध्ये तो मजकूर म्हणूनच राहतो, इजनंबर बरोबर ‘नाही’ म्हणतं. इजन्यूमेरिक मात्र मधल्या डी ला घातांकाची खूण समजतं: दोन गुणिले दहाचा चौथा घात. म्हणजे ‘हो, नंबर आहे’, आणि रूपांतर केलंत तर २००००. डिझाइन गेलं, वीस हजार आले. १३ई५ असा नंबर असेल तर इजनंबरही वाचवत नाही, कारण टाइप करून एंटर मारताच एक्सेल स्वतःच त्याचे तेरा लाख करून टाकतं. तिथे सेलचा फॉरमॅट आधीच टेक्स्ट करून ठेवायचा, नंतर करून उपयोग नाही. कंसातला ५०० मजकूर म्हणून आला तर इजन्यूमेरिक तोही पास करतं आणि त्याचे उणे पाचशे होतात. हिशेबात कंस म्हणजे वजा, तेव्हा ते एका परीने बरोबरच, पण कुणी नगांच्या पुढे सहज म्हणून कंस टाकला असेल तर?

एवढं वाचून इजन्यूमेरिक टाकाऊ वाटेल, तसं नाही. इनपुटबॉक्समधून, म्हणजे मॅक्रो पडद्यावर उघडतो त्या चौकटीतून, माणसाने टाइप केलेलं जे हाती येतं ते कायम मजकूरच असतं. तिथे इजनंबरला विचारलंत तर ४५० लिहूनही उत्तर ‘नाही’च. गोदामातला माणूस नग टाइप करणार असेल तिथे इजन्यूमेरिकच हवं, तेही नंतर स्वतः नंबरात रूपांतर करून आणि आकडा शून्याहून मोठा आहे ना हे बघून.

माझा मॅक्रो मी असा दुरुस्त केला: सेलच्या व्हॅल्यूचं टाइपनेम, म्हणजे तिचा प्रकार, विचारायचं, ते स्ट्रिंग (मजकूर) आलं आणि इजन्यूमेरिकही ‘हो’ म्हणालं, तर सेल पिवळा. टाइपनेममुळे रिकामे सेल आणि ट्रू-फॉल्स आपोआप बाजूला पडतात आणि उरतात ते नेमके नंबरासारखे दिसणारे मजकूर. हा तपास फक्त नग आणि किलो या दोन रकान्यांवर चालतो. डिझाइनच्या रकान्याकडे त्याला फिरकूच देत नाही.

एक्सेलऐवजी लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना रस्ता जरा सोपा आहे. तिथे प्रत्येक सेलला टाइप असतो: रिकामा, व्हॅल्यू, टेक्स्ट किंवा फॉर्म्युला. फक्त फॉर्म्युला असेल तर त्याचं उत्तर आकडा आहे की मजकूर हे वेगळं विचारावं लागतं, नाहीतर फॉर्म्युलाचे सगळे सेल तपासातून निसटतात. मॅक्रो लिहायचाच नसेल तर कंट्रोल आणि एफ८ दाबा, आकडे निळे होतात, मजकूर काळा राहतो, फॉर्म्युले हिरवे. एक्सेलमध्ये सेलच्या कोपऱ्यातला हिरवा त्रिकोण आणि डावीकडे सरकलेला आकडा एवढ्याच खुणा, आणि कुणी रकाना मध्यभागी आणून ठेवला असेल तर डावी-उजवी खूणही गेली.

पिवळे सेल नंबरात आणायला रकान्याचा फॉरमॅट जनरल करून रेंजची व्हॅल्यू तिलाच परत द्यायची, एका ओळीत काम होतं. रकान्यात फॉर्म्युले असतील तर मात्र ते पुसले जाऊन नुसती उत्तरं उरतात. ही ओळ मी एकदा उत्साहात अख्ख्या शीटवर चालवली. नग सुधारले. सोबत व्यापाऱ्यांच्या यादीतला आपल्या सोलापूरचा ०२१७ हा फोनचा एसटीडी कोड २१७ झाला आणि सोळा आकडी खातेक्रमांकांचे शेवटचे आकडे शून्य झाले, कारण एक्सेल नंबराचे पंधराच आकडे धरून ठेवतं. ते गेलेले आकडे परत आणता येत नाहीत. जुन्या फाइलीतून बघून सगळे खातेक्रमांक पुन्हा टाइप केले, या वेळी आधी टेक्स्ट फॉरमॅट लावून. अण्णा चहा घेऊन आले, पडद्याकडे बघत म्हणाले, “आता हे पन पिवळं करणार काय?”