मिलो, गाजर गवत आणि अमेरिका

महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला अमेरिका पहिल्यांदा भेटली ती रेशनच्या दुकानात. १९५१ च्या टंचाईत तिथून १९ कोटी डॉलरचं धान्य-कर्ज मिळालं. ऑगस्ट १९५६ मध्ये पीएल-४८० या अमेरिकन अन्नमदत कायद्याखाली गव्हाचा पहिला करार झाला. या गव्हाचे पैसे डॉलरऐवजी रुपयांत भरायचे होते. ते अमेरिकेच्या नावावर इथेच जमत आणि वकिलातीचा खर्च, विकासकामांची कर्जं यांत जात. परकीय चलन वाचत होतं, म्हणजे व्यवहार सोयीचाच. पण आपल्या चलनाचा एवढा साठा परक्याच्या हाती, हे लोकांना खुपायचं. फेब्रुवारी १९७४ मध्ये राजदूत मॉयनिहान यांनी १,६६४ कोटी रुपयांचा चेक भारताला परत दिला. रेशनच्या रांगेत ही बातमी फारशी पोचली नाही.

तिथे आठवण होती ती मिलोची. १९७२ च्या दुष्काळात आलेली ही लाल ज्वारी अमेरिकेत मुख्यतः जनावरांसाठी पिकते. ‘ढोरांचं खाणं आम्हाला’ हा राग त्यातूनच आला. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो गरम पाण्याने आणावा लागतो. धान्य जुनं असेल तर पिठाची विरी जाते आणि भाकरी थापतानाच चिरते. त्याआधी १९६५-६७ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजं हात आखडून सोडली होती, आणि डिसेंबर १९७१ मध्ये भारत-पाक युद्ध चालू असताना ‘एंटरप्राइज’ ही अमेरिकन युद्धनौका बंगालच्या उपसागरात आली होती. मन आधीच कडू झालेलं.

गाजर गवताचं खापरही पीएल-४८० वर फुटतं. तारखा मात्र जुळत नाहीत: पुण्यात या गवताची नोंद १९५५ च्या सुमाराची, म्हणजे कराराआधीची. बी धान्यातून आलंच असेल, तर त्याआधीच्या आयातीतून. एका झाडाला हजारो बिया येतात, म्हणून ते फुलोऱ्याआधीच, हातमोजे घालून, मुळासकट उपटावं लागतं. नुसतं कापलं तर पुन्हा फुटतं, उघड्या हाताने धरलं तर अंगाला खाज सुटते. ‘काँग्रेस गवत’ या नावाचा संबंध कुणी पांढऱ्या टोप्यांशी लावतं, कुणी अमेरिकन संसदेशी.

हा सगळा राग वॉशिंग्टनवर होता, तिथल्या माणसांवर फारसा नव्हताच. १९६५ च्या अमेरिकन स्थलांतर कायद्याने मूळ देशावर बेतलेला जुना कोटा उठला आणि इथले डॉक्टर-इंजिनिअर तिकडे निघाले. मिलोला नाकं मुरडणाऱ्या घरांतही पुढे मुलीसाठी ‘ग्रीनकार्डवालं’ स्थळ शोधलं जाऊ लागलं.