बॉक्स किती प्लायचा, ते शेवटी ठरवू

(आमच्या बॉक्स-पाऊचच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सांगली)

दुकानाच्या पायरीवरूनच बरेच जण सांगतात, "पाच प्लायचे, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचे, शंभर बॉक्स काढा." आम्ही देतोही, धंदाच तो आहे. पण आत काय भरणार, माल कुठे जाणार आणि आजवर तो कशाने खराब झाला, एवढं विचारलं की पुष्कळदा लक्षात येतं, जाड पुठ्ठ्याची गरजच नव्हती. भडंग फुटत नाही, सादळतं. लोणच्याची बरणी सादळत नाही, फुटते. बेदाणा दबतो, आणि ओल लागली की चिकटून त्याचा गोळा होतो. हळदीचा तर रंगच उडतो. प्रत्येकाचं दुखणं वेगळं, तेव्हा औषधही वेगळं.

पाऊचचं काम पाऊचनेच करायचं

भडंगातले चुरमुरे हवेतली ओल झटकन ओढतात. साधी पॉलिथिनची पिशवी ओल बऱ्यापैकी अडवते, म्हणून वाटतं काम झालं. पण त्याच पिशवीतून ऑक्सिजन आत येतो आणि लसणाचा वास बाहेर जातो. शेंगदाणे आणि फोडणीचं तेल खवट होतं ते त्या ऑक्सिजनमुळे, आणि उजेड त्याला हातभार लावतो. (वासाचं म्हणाल, तर एसटी पार्सलमध्ये शेजारच्या गठ्ठ्यातल्या साड्यांनाही भडंगाची फोडणी बसते.) पुण्या-मुंबईच्या दुकानात महिना-दीड महिना राहणाऱ्या मालाला चांदीसारखा मेटलाइज्ड थर असलेलं लॅमिनेट पाऊच घ्या, जमलं तर नायट्रोजन भरून. सांगली-मिरज-कुपवाडात आठवड्यात खपणाऱ्या मालाला मात्र नायट्रोजनचा खर्च घालू नका, वाया जाईल.

हळदीच्या पाकिटाला पारदर्शक खिडकी ठेवा, असा आग्रह सगळ्यांचा असतो. रंग दिसला की गिऱ्हाईक उचलतं, हे खरं. पण ज्या कर्क्युमिनमुळे हळद पिवळी दिसते, ते उजेडात विटतं. आणि किराणा दुकानदार पाकिटांची लडी टांगतो ती नेमकी दारात, उन्हाच्या तोंडावर. खिडकी हवीच असेल तर लहान ठेवा आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला ठेवा. दुसरी गोष्ट सीलची. भरताना तोंडाशी पावडर उडते, तिचा थर सीलमध्ये अडकतो आणि बारीक वाट राहते. तुमचं पाऊच गळतं अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या दहा पाकिटांत बहुधा हेच निघतं. सील करायच्या आधी तोंड कोरड्या कापडाने पुसा, किंवा वर दोन बोटं जास्त जागा सोडा. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याचं चिन्ह पाकिटावर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी लागते. ती झाली असेल तरच चिन्हाचं डिझाइन आणा.

साताऱ्याहून पेढ्यांचे बॉक्स घ्यायला येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मिठाईच्या बॉक्सभोवती गुंडाळायची प्लास्टिक फिल्म 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहे. ती आमच्याकडे मागू नका, झाकण घट्ट बसेल असा कट आम्ही करून देतो. आणि पेढे पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावू नका. आतली वाफ झाकणाला लागून परत पेढ्यांवर पडते, मग बुरशीचा दोष बॉक्सवर येतो. तळाला बटर पेपर घाला, तूप पुठ्ठ्यात उतरत नाही. वर्तमानपत्राचा कागद कुठल्याही उघड्या खाद्यपदार्थाला लागता कामा नये. छपाईची शाई पोटात जाते आणि कायद्यालाही ते चालत नाही.

थप्पीचा हिशेब

आता बॉक्सकडे येऊ. तीन प्लाय म्हणजे दोन सपाट कागद आणि मध्ये एक नळीदार थर. पाच प्लाय म्हणजे तीन सपाट आणि दोन नळीदार. पण नुसत्या प्लायवरून ताकद कळत नाही. हलक्या कागदाचा पाच प्लाय चांगल्या कागदाच्या तीन प्लायपुढे फिका पडू शकतो. कागदाचे दोन आकडे विचारा: जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, आणि बीएफ, म्हणजे बर्स्टिंग फॅक्टर. दोन्हींचा गुणाकार करून 1000 ने भागलं की तो कागद किती दाबाला फाटेल ते मिळतं. 150 जीएसएम, 20 बीएफचा कागद दर चौरस सेंटिमीटरला 3 किलो दाब सोसतो. कुणी स्वस्त भाव सांगितला तर हे दोन आकडे बिलावर लिहून मागा. आमच्याकडूनही मागा.

आता 15 किलो बेदाण्याचा बॉक्स घ्या. गोदामात आठांची थप्पी लावली, तर तळातल्या बॉक्सवर सात बॉक्स, म्हणजे 105 किलो. मग 105 किलो पेलणारा बॉक्स पुरेल का? नाही. पुठ्ठा आठवडे-महिने दाबाखाली राहिला की हळूहळू बसतो, पावसाळ्यात दमट होऊन त्याची ताकद निम्म्यावर येते, ट्रकमध्ये हादरे बसतात ते वेगळेच. म्हणून आम्ही तिप्पट धरतो: 300 किलोच्या वर. कोल्ड स्टोरेजमध्ये राहणाऱ्या मालाला त्याहूनही जास्त.

थप्पी लावणाऱ्या हमालांना एक गोष्ट नक्की सांगा. बॉक्सचा भार चार कोपरे उचलतात, मधला पुठ्ठा फारसा नाही. कोपऱ्यावर कोपरा सरळ लावला तर ताकद पुरी मिळते. विटांच्या भिंतीसारखे सांधे मोडून आडवेउभे लावले की थप्पी डुलत नाही, पण वरच्याचा कोपरा खालच्याच्या मऊ मध्यावर येतो आणि जवळजवळ निम्मी ताकद जाते. खालचे थर सरळ लावा आणि फक्त सगळ्यात वरचा आडवा घाला, दोन्ही साधतं.

पुठ्ठ्यातल्या नळ्या बॉक्समध्ये नेहमी उभ्या हव्यात. हे आम्ही आमच्याच चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी कागद वाचावा म्हणून एका ऑर्डरचा पुठ्ठा आडव्या नळ्यांचा कापला. बॉक्स दिसायला अगदी तसेच. खंबाटकी घाट उतरून पुण्याला पोचेपर्यंत खालच्या दोन रांगा फुगून बसल्या. ती भरपाई आम्ही दिली. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याची कड गिऱ्हाइकाला दाखवूनच पुढे जातो.

कोल्ड स्टोरेजमधून काढलेला बेदाणा लगेच पाऊचमध्ये भरू नका. थंड मालावर बाहेरची दमट हवा घाम धरते. बॉक्स न उघडता तसाच बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग फोडा. रिकामे बॉक्स जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याला 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका असतो, हे सांगलीकराला सांगायला नको. नदीकाठच्या गोदामात जुलै-ऑगस्टसाठी बॉक्सचा मोठा साठा करूच नका. हवे तेवढे दर आठवड्याला न्या.

फुटणाऱ्या वस्तू

काचेच्या बरण्या बाहेरच्या धक्क्याने जितक्या फुटतात, तितक्याच एकमेकींवर आपटून फुटतात. जाड बॉक्स घेऊन बरणीला बरणी चिकटवून भरण्यापेक्षा साधा बॉक्स आणि आत पुठ्ठ्याचे खण हे स्वस्तही पडतं आणि टिकतंही. बबल गुंडाळताना फुगे आतल्या बाजूला, वस्तूकडे ठेवा. बॉक्स हलवल्यावर आवाज आला, तर आत जागा रिकामी आहे. ती कागदाचे बोळे कोंबून भरा.

मिरजेच्या कारागिरांसाठी आम्ही सतार-तानपुऱ्याचे लांब बॉक्स करतो. तिथे भीती भोपळ्याची. तो हलका आणि पोकळ असतो. एका जागी दाब आला की चिरतो. म्हणून भोपळा बॉक्सच्या तळाला टेकवायचा नाही. त्याच्या गोलाईचे फोमचे दोन कट करून त्यात तो अधांतरी बसवायचा आणि भार मानेकडे वाटून द्यायचा. तारा सैल करा, घोडी काढून वेगळी गुंडाळा.

बंद करताना टेप वर आणि खाली इंग्रजी एच अक्षराच्या आकारात लावा: मधली फट आणि दोन्ही कडा. खाण्याच्या मालाच्या बॉक्सला पिना मारू नका. पावसाळ्यात गंजतात आणि पाऊचला भोक पाडतात.

कुरिअरचं वजन

बॉक्स मोठा घेतला की नुकसान पुठ्ठ्याच्या पैशांवर थांबत नाही. बहुतेक कुरिअर खरं वजन आणि आकाराचं वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून अनेक जण 5000 ने भागतात. तुमचा कुरिअर कितीने भागतो ते एकदा विचारा. अडीच किलो भडंग 45 × 35 × 30 च्या बॉक्समध्ये घातलं तर साडेनऊ किलोचे पैसे पडतात. 40 × 30 × 20 मध्ये बसवलं तर पाच किलोच्या आतले. वर मोठ्या बॉक्समधली पाकिटं आत नाचतात ती नाचतातच.

छापायच्या आधी

लेबलवर काय लागतं ते थोडक्यात: पदार्थाचं नाव, घटक, पोषणाची माहिती, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बॅच, तयार केल्याची आणि वापरायची शेवटची तारीख, बनवणाऱ्याचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, 14 अंकी अन्न परवाना क्रमांक आणि शाकाहारी मालाला चौकोनातला हिरवा ठिपका. तारीख आणि बॅचसाठी कोरी जागा सोडा, नाहीतर शिक्का मजकुरावर बसतो आणि काहीच वाचता येत नाही.

येताना भरलेल्या मालाचा एक नग आणा. माप सांगायचं असेल तर आतलं सांगा, लांबी, रुंदी, उंची याच क्रमाने. थप्पी किती उंच लागते आणि माल किती दिवस राहतो, तेही. आम्ही दोन बॉक्स हाताने कापून देऊ, त्याचे पैसे नाहीत. ते खऱ्या मालाने भरा, टेप लावा आणि जेवणाच्या टेबलाइतक्या उंचीवरून दहा वेळा पाडा: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहादा सहा बाजूंवर. मग उघडून बघा. आतलं शाबूत असेल तर प्लाय किती, कागद कोणता हे त्याच बॉक्सवर पेनाने लिहून आमच्याकडे परत आणा. छपाईची प्लेट आम्ही त्यानंतरच करतो, कारण प्लेटचा खर्च तुमच्या बिलात येतो आणि माप बदललं की ती भंगारात जाते.