पत्रा खडखडला की काळजात धस्स का होतं?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात शिरलं आणि सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पुढे नवे पत्रे बसले, रोपंही लागली. पण वारा घोंगावू लागला की अजून पोटात गोळा येतो. आज वादळ नाही हे ठाऊक असूनही येतो. आपल्या भाषेनं भीतीला पोट आणि काळीज कधीच नेमून दिलं. तिचा मेंदूतला पत्ता लागायला मात्र फार वेळ गेला.

सुरुवात झाली वासापासून. १८७८ साली पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदानं मेंदूच्या आतल्या अंगाला कडेसारख्या वळलेल्या पट्ट्याला ‘लिंबिक’ म्हटलं. लॅटिनमध्ये ‘लिंबस’ म्हणजे कड. आकृतीसाठी त्यानं घेतला पाणमांजराचा मेंदू! (आपल्या खाड्यांत जाळ्यातले मासे पळवतं, त्याच कुळातलं.) हा भाग मुख्यतः वासाचा, असं त्याला वाटे.

भावना आल्या १९३७ साली, त्याही पिसाळलेल्या कुत्र्याच्या वाटेनं. रेबीज झालेला माणूस भेदरतो, चवताळतो आणि त्या रोगाच्या खुणा मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात सापडतात. अमेरिकेतल्या जेम्स पेपेझ या मेंदूशास्त्रज्ञानं हा धागा पकडून, भावना मेंदूच्या एकमेकांना जोडलेल्या भागांतून फिरतात, असं वर्तुळ मांडलं. त्याच सुमारास शिकागोत क्ल्यूव्हर आणि ब्यूसी यांनी माकडांच्या मेंदूचे कानशिलाकडचे दोन्ही खंड काढले, तर सापाला भिणारी माकडं साप खुशाल हाताळू लागली. भावनांशी जोडलेल्या या साऱ्या भागांना ‘लिंबिक सिस्टीम’ हे नाव मेंदूशास्त्रज्ञ पॉल मॅकलीनचं, १९५२ सालचं. सरपटणाऱ्यांचा, सस्तनांचा आणि वरचा शहाणा अशी त्याची तीन मजली मेंदूची कल्पना व्याख्यानांत अजून ऐकू येते. उत्क्रांतीचे अभ्यासक ती मानत नाहीत. मेंदू काही माडीवर माडी चढवून बांधलेला नाही.

पत्र्याच्या आवाजाचा उलगडा उंदरांनी केला. आवाजापाठोपाठ विजेचा झटका बसला की उंदीर पुढे नुसत्या आवाजानंही थिजतो. आवाजाची वर्दी थॅलॅमस या मेंदूतल्या निरोप पुढे धाडणाऱ्या केंद्रातून, धोक्याची दखल घेणाऱ्या बदामाएवढ्या अमिग्डालाकडे आडवाटेनंही पोचते, विचार करणाऱ्या भागाला वळसा घालून, हे मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी दाखवलं. ही ‘भीतीची जाणीव’ नव्हे, बचावाची यंत्रणा आहे, असं पुढे तेच बजावू लागले. झटके थांबले की उंदीर निवळतो, पण जुनी गाठ पुसली जात नाही. मेंदूचा पुढचा भाग तिला नुसता दाबून धरतो. काही काळ गेला, जागा बदलली, की ती पुन्हा उसळू शकते.

जून लागला आणि पत्रा एकदा जरी वाजला, तरी आजी काडेपेटी उशाशी घेते.