धर्मचिकित्सा (महाराष्ट्रातील)

धर्मचिकित्सा म्हणजे धर्माने समाजाचे काय भले केले आणि काय वाईट, याची तपासणी. महाराष्ट्रात हा वाद देव आहे की नाही यापेक्षा धर्माच्या नावाने माणसाला कसे वागवले जाते, यावरच अधिक पेटला.

१८४९ मध्ये मुंबईत निघालेल्या परमहंस सभेचे सभासद ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन जातिबंधन मोडत; पण गुपचूप. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि सभा मोडली. १८६७ च्या प्रार्थना समाजाने उघड मार्ग धरला. न्या. रानडे, भांडारकर यांना संतांच्या अभंगांशी नाते राखून धर्म सुधारायचा होता. जोतीराव फुल्यांना ही डागडुजी पुरेशी वाटली नाही. त्यांच्या सत्यशोधक समाजाने (१८७३) भटाविना लग्ने लावली. तरीही फुले नास्तिक नव्हते. निर्मिक (सृष्टी निर्माण करणारा देव) आणि माणूस यांच्यात दलाल नको, एवढेच त्यांचे म्हणणे.

खरा अपवाद आगरकरांचा. नीतीला देवाधर्माचा टेकू लागत नाही, असे ते आपल्या ‘सुधारक’ पत्रातून (१८८८ पासून) लिहीत राहिले. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. त्यांचे जुने सहकारी टिळक यांनी मात्र १८९३ पासून गणेशोत्सव चौकात आणला. धर्म लोकांना एकत्र आणतो, ही ताकद त्यांनी अचूक हेरली होती.

गाडगेबाबांना कोणत्याच कप्प्यात बसवता येत नाही. दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तनातून नवस, कर्ज काढून केलेले सण, बोकडाचा बळी यांवर श्रोत्यांना उलटसुलट प्रश्न विचारून भंडावून सोडायचे, हा त्यांचा शिरस्ता. पंढरपुरात त्यांनी देऊळ नव्हे, धर्मशाळा बांधली.

‘धर्म माणसासाठी आहे, माणूस धर्मासाठी नाही’ असे सांगणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्यात हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. मात्र समाजाला धर्म हवाच, असे त्यांचे मत होते. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला.

अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा आक्षेप श्रद्धेला नव्हता, तिच्या आडून होणाऱ्या शोषणाला होता. हा भेद विरोधकांना कधीच पटला नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि काही दिवसांतच जादूटोण्याविरुद्ध वटहुकूम निघाला. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. त्यात अघोरी प्रथांची यादी आहे. यात्रा, कीर्तन, हरिपाठ यांना हा कायदा लागू नाही, हेही त्यातच लिहावे लागले.