डेलावेअर २०१०: सिनेटची सीट नोव्हेंबरच्या आधीच गेली होती

अमेरिकेत मिड-टर्मचं, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मधोमध येणाऱ्या निवडणुकीचं, वर्ष आलं की २०१० च्या डेलावेअरचा दाखला कोणी ना कोणी देतंच, आणि बहुतेक वेळा ती गोष्ट रिपब्लिकन उमेदवार क्रिस्टीन ओडॉनेलच्या "मी चेटकीण नाही" या जाहिरातीपाशी सुरू होऊन तिथेच संपते. जाहिरात भन्नाट होती यात वादच नाही, पण रिपब्लिकनांच्या हातून सीट गेली ती त्याच्या तीन आठवडे आधी, १४ सप्टेंबरच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत. ती तशी का गेली हे कळायला जरा मागे जावं लागतं.

डेलावेअर म्हणजे केवढंसं राज्य, तीन काउंट्या, २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या ९ लाखांच्या आत. संसदेच्या खालच्या सभागृहात, म्हणजे हाऊसमध्ये, १८२३ पासून एकच सीट, वरच्या सिनेटमध्ये मात्र सगळ्या राज्यांसारख्या दोन, म्हणजे हाऊसच्या खासदारापेक्षा सिनेटर जास्त! उत्तरेला विल्मिंग्टन, बँका, वकील, ड्यूपॉन्ट या केमिकल कंपनीची जुनी श्रीमंती. कॅनॉल ओलांडून दक्षिणेला गेलात की शेती आणि ससेक्स काउंटीतल्या कोंबड्यांच्या शेड. उत्तरेतल्या लोकांच्या टीव्हीवरच्या जाहिरातीसुद्धा फिलाडेल्फियाच्या चॅनलवरून येतात, त्या महाग पडतात, त्यामुळे पुढारी जत्रेत, चर्चच्या जेवणात, परेडमध्ये हात मिळवत फिरणारे. सगळे सगळ्यांना ओळखणार.

या ओळखीपाळखीच्या राजकारणाला तिथे 'डेलावेअर वे' म्हणतात. त्याचं दर्शन घ्यायचं तर मतदानानंतर दोन दिवसांनी ससेक्समधल्या जॉर्जटाउनला जायचं, रिटर्न डे बघायला. पूर्वी काउंटीभरातून लोक मतदानाला इथेच यायचे आणि निकाल ऐकायला दोन दिवसांनी परत यायचे, म्हणून हे नाव. आजही जिंकलेला आणि हरलेला एकाच बग्गीतून मिरवतात, कोर्टाच्या सज्जातून निकाल मोठ्याने वाचतात, अख्खा बैल भाजून त्याचे सँडविच वाटतात, आणि दोन्ही पक्षांचे अध्यक्ष मिळून खरीखुरी कुऱ्हाड वाळूत पुरतात. वैर संपलं, घरी जा.

आता हे सगळं इतकं गोड कधीच नव्हतं म्हणा. सिनेटर जनतेने नाही तर राज्याच्या विधिमंडळाने निवडायचे दिवस होते तेव्हा ॲडिक्स नावाच्या गॅसवाल्या धनाढ्याने सिनेटर व्हायचं मनावर घेतलं आणि पैसा असा ओतला की रिपब्लिकन पक्षच दुभंगला, कोणालाच बहुमत मिळेना, आणि १९०१ ते १९०३ डेलावेअरचा वॉशिंग्टनमध्ये एकही सिनेटर नव्हता. ॲडिक्स शेवटपर्यंत झाला नाही तो नाहीच. थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती १९१३ मध्ये आली तेव्हा डेलावेअरने ती चक्क नाकारली होती, मंजुरी दिली ती २०१० च्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या गोष्टीच्या ऐन तोंडावर. योगायोग आहे, पण काय योगायोग.

असो. १९७२ ला २९ वर्षांच्या जो बायडन यांनी केलेब बॉग्जसारखा मुरलेला सिनेटर साधारण ३ हजार मतांनी पाडला आणि पुढे ३६ वर्षं सीट सोडली नाही. (निवडून आल्यावर मुंबईहून एका बायडन आडनावाच्या माणसाचं पत्र आलं होतं हा किस्सा त्यांनी २०१३ ला मुंबईत येऊन ऐकवला होता.) २००९ ला ते उपाध्यक्ष झाले, जागेवर त्यांचे जुने सहकारी टेड कॉफमन नेमले गेले, ते २०१० ला उभं राहणार नव्हते. मुलगा बो बायडन लढेल असं सगळे धरून चालले होते, त्यानेही जानेवारीत नाही म्हटलं.

आणि रिपब्लिकनांकडे होते माइक कॅसल. माजी गव्हर्नर, हाऊसमध्ये नऊ टर्म, राज्यभराची निवडणूक १२ वेळा लढून १२ वेळा जिंकलेले, मवाळ, डेमोक्रॅटही ज्यांना मत देतात असे. १९९२ मध्ये ते गव्हर्नरपदावरून हाऊसमध्ये गेले आणि हाऊसमधले डेमोक्रॅट टॉम कार्पर गव्हर्नर झाले, चक्क खुर्च्यांची अदलाबदल. डेलावेअर वे म्हणतात तो हाच. सीट खिशात होती.

पण प्रायमरीत मत देता येतं फक्त त्या पक्षात नाव नोंदवलेल्यांनाच. म्हणजे कॅसल ज्यांच्या जिवावर जिंकायचे ते डेमोक्रॅट आणि अपक्ष मतदार बाहेरच! आत आले साधारण ५७ हजार लोक. त्या वर्षी रिपब्लिकनांमधल्या कट्टर उजव्या टी पार्टी चळवळीची लाट, शेवटच्या दिवसांत २००८ ची उपाध्यक्षपदाची उमेदवार सेरा पेलिनचा पाठिंबा, आणि क्रिस्टीन ओडॉनेलने, जी २००८ ला बायडनकडून सपाटून हरली होती, कॅसलना ५३ विरुद्ध ४७ टक्क्यांनी पाडलं. उत्तरेची काउंटी कॅसलकडे राहिली, खालच्या दोन्हींनी घात केला. फरक साडेतीन हजार मतांचा, एखाद्या मोठ्या कॉलेजात याहून जास्त पोरं असतात. कार्ल रोव्हसारखा पक्षाचा मुरब्बी माणूस त्याच रात्री टीव्हीवर कपाळाला हात लावून बसला, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलात म्हणून.

मग आपण चेटूक-बिटूक केल्याचं ओडॉनेल टीव्हीवर सांगते ती १९९९ ची क्लिप बाहेर आली, खुलासा म्हणून जाहिरात आली, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २ नोव्हेंबरला उत्तरेच्या न्यू कॅसल काउंटीचे प्रमुख, डेमोक्रॅट क्रिस कून्स ५७-४० ने जिंकले आणि कॅसलची हाऊसची सीटही जॉन कार्नींनी डेमोक्रॅटांकडे आणली, तेही ज्या वर्षी देशभरात रिपब्लिकनांना हाऊसमध्ये ६३ जागांचा फायदा झाला त्या वर्षी. कॅसल यांनी मतपत्रिकेवर नाव नसताना लोकांनी हाताने लिहून मत द्यावं असा राइट-इन लढायचा विचार करून सोडून दिला, अलास्कात लिसा मर्कोव्स्की त्याच वर्षी तसं लढून जिंकल्या. गंमत म्हणजे २००६ ला प्रायमरी हरल्यावर राइट-इन लढली होती ती खुद्द ओडॉनेल.

कॅसलनी तिला पाठिंबा दिला नाही. त्यानंतर डेलावेअरमधून सिनेट किंवा हाऊसला एकही रिपब्लिकन निवडून गेलेला नाही. कून्स २०१४ आणि २०२० ला परत आले, म्हणजे तीच सीट पुन्हा २०२६ च्या मिड-टर्ममध्ये.